रबरी बेडूक आणि बाबांचा डावा हात

परवा खोडाळ्याला घरी गेलो होतो. बाबा गेल्यानंतर पहिल्यांदाच त्यांची मासेमारीची पिशवी उघडली... आणि जे कळलं, ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाहीये.

बाबा प्राथमिक शाळेतून रिटायर झालेले मास्तर. पण त्यांचा खरा जीव नदीत. दर रविवारी गळाला जिवंत बेडकी लावून डोहावर मरळ धरायला बसायचे. मी मात्र सातवीपासून होस्टेलला, मग जव्हारला नोकरी. नदी मला सुट्टीपुरतीच माहीत.

गेल्या वर्षी बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला आणि वाचाही गेली. डाव्या हातात गळाची काठी धरता यायची, पण एका हाताने वळवळती बेडकी गळाला कशी लावणार? मी लावून देतो म्हटलं तर मान फिरवायचे. दुसऱ्याच्या हातून आमिष लावून घ्यायचं, हे त्यांना कधीच पटलं नसतं. हळूहळू त्यांनी खाटेवरून उठणं सोडलं, मग जेवणही कमी झालं. डोळ्यांदेखत माणूस विझत होता...

जव्हारच्या सायबर कॅफेत एक दिवस मऊ प्लास्टिकच्या नकली बेडकांचे फोटो दिसले. एकदा गळाला बसवला की दिवसभर तोच चालतो. वाटलं, हे जमलं तर बाबा पुन्हा आपलं आपण मासे धरतील.

चपलांच्या कारखान्यात काम करणाऱ्या मित्राने दुधासारखं पातळ प्लास्टिक आणि ते मऊ करायचं तेल, दोन्ही कॅनमध्ये भरून दिलं. सुट्टी पडली की मी खोडाळ्याला अंगणात स्टोव्ह मांडून ते तापवायचो. बाबांच्या खाटेवर मातीचा गोळा ठेवला, तर त्यांनी डाव्या हाताने त्याचा बेडूक केला. वाकडाच, पण बेडूक! त्या दिवशी ते दोन भाकऱ्या जेवले. त्यावरून मी प्लास्टरचा साचा केला.

पहिला बेडूक चपलेच्या तळव्यासारखा कडक झाला. असला बेडूक मासा लगेच थुंकून टाकतो म्हणे. मऊ करायचं तेल वाढवलं, तर पहिल्याच ओढीला पाय तुटून हातात. असे किती तुटले, मोजले नाहीत. प्लास्टिकच्या वासाने डोकं भणभणायचं, बायको दर वेळी बोलायची. साच्याला चिकटायचं ते वेगळंच. शेवटी आईने घरातली मोहाच्या तेलाची बाटली दिली. आमच्याकडे दुखऱ्या गुडघ्यापासून तव्यापर्यंत सगळ्याला तेच तेल. साच्याला चोपडलं आणि बेडूक अलगद सुटायला लागला.

मग जुन्या मच्छरदाणीची पट्टी साच्यात आडवी ठेवून वर प्लास्टिक ओतलं... आणि जमलं. बोटाने दाबलं तर खऱ्या बेडकासारखा दबायचा. दाराच्या चौकटीला बांधून खाली वीट लटकवली, दोन दिवस तुटला नाही. मी तर हवेतच! असे सात केले, वर तेलाचा हात फिरवून ठेवले.

पहिल्या रविवारी बाबांना जीपने नेऊन डोहाकाठी खुर्चीत बसवलं. त्यांनी बेडूक हातात घेतला, नाकाशी नेला आणि बाजूला फेकून दिला. मी उचलून आणला. पुन्हा नाकाशी, पुन्हा फेकला... घशातून कसलासा आवाज काढत. मला वाटलं, वैतागलेत, त्यांना नकली वस्तू नकोय. शेवटी मीच तो गळाला लावून काठी धरली, पण दिवसभरात एकही मासा लागला नाही.

दुसऱ्या रविवारी तेच. या वेळी माझा तोल गेला. "दोन महिने मरमर केली मी बाबा! तुम्हाला जगायचंच नसेल तर तसं सांगा!" ज्यांना बोलता येत नाही, त्यांना मी 'सांगा' म्हणालो.

बाबा माझ्याकडे बघत राहिले. मग खाली पडलेला बेडूक त्यांनी स्वतः उचलला, गळ गुडघ्यात धरून त्याला लावला आणि पाण्यात टाकला. त्यानंतर एकदाही तक्रार केली नाही. चार रविवार संध्याकाळपर्यंत काठी धरून बसले. मासा एकही आला नाही. त्यापुढच्या रविवारच्या आधी बाबाच गेले.

परवा पिशवी उघडली तेव्हा काका शेजारी होता. बाबांचा धाकटा भाऊ, शेतकरी. त्याने एक बेडूक उचलला, दाबून बघितला, खूश झाला. मग वास घेतला आणि थांबला.

"ह्याला मोहट्याचा त्याल लावलास का रं?"

मी हो म्हणालो.

"अरं, मोहट्याची पेंड पाण्यात टाकली का मासली मरते. त्या वासाला मासली येल का? पोरापोरांना म्हायीत हाय ह्या." मग बेडूक खाली ठेवत म्हणाला, "भाऊला कसा नाय कळला?"

मी तो उचलून नाकाशी नेला.

भाऊला कळलं होतं, काका. पहिल्याच दिवशी, पहिल्याच वासाला. तेच तर सांगत होते... दोनदा नाकाशी नेऊन, दोनदा फेकून.

पुढचं जास्त छळतंय. मासा येणार नाही हे माहीत असताना बाबा चार रविवार त्या खुर्चीत बसले. मी चिडलो होतो म्हणून. माझी मेहनत वाया गेली असं मला वाटू नये म्हणून.

त्याच सायबर कॅफेत बसून हे टाइप करतोय. बेडूक अजून शाबूत आहेत, सातही. एकालाही माशाचा दात लागलेला नाही... एकावर फक्त बाबांच्या अंगठ्याच्या दाबाने पडलेला खळगा आहे. तो मी जवळ ठेवलाय.