बोटभर अळीला भिणारे मामाजी

माझ्या बायकोच्या मामांइतका भित्रा माणूस सौंसर-पांढुर्ण्यात दुसरा सापडायचा नाही. तरुणपणी दोन गावांमधल्या गोटमारीत सावरगावच्या बाजूने दगड झेललेले, जंगलखात्यात नाकेदार असताना अस्वलाच्या तावडीतून सुटलेले हे मामाजी भितात ते लाकडातल्या बोटभर अळीला. कुणाकडे गेले की चहाआधी दाराच्या चौकटीला कान लावतात. जामसांवलीला रांग सोडून एका बुंध्याला कान लावून असे बसले, की मारुतीचं दर्शन राहूनच गेलं. आमच्या लग्नात तर त्यांनी ऐन मुहूर्तावर मांडवाचा खांब उपटायला लावला. त्यात अळी नव्हती, हे सासूबाई अजून ऐकवतात.

यंदा पोळ्याच्या तोंडावर बोरगावच्या आमच्या संत्र्याच्या बागेत ते एका झाडापाशी मटकन बसले. बुंध्यातल्या एका छिद्रातून चिमूटभर लाकडाचा भुसा खाली पडला होता. "पाहू की पोळा झाल्यावर," मी म्हटलं. मामाजी पांढरेफटक पडले.

"मी बी असंच म्हटलं होतं, जावईबापू. सालाच्या झाडांच्या जंगलात ड्यूटी होती. एका झाडाखाली असाच भुसा दिसला. तेवढं एक झाड तोडून टाकलं असतं तं मिटलं असतं. पण मले सुट्टीवर जायची घाई. मंग विसरूनच गेलो. पुढच्या पावसात किडे बाहेर निघाले, अन् हिवाळ्यात पाहतो तं पूर्ण डोंगर वाळून राहिला होता. ज्या झाडाले कान लावावा, त्याच्यात कुरकुर, कुरकुर."

वडिलांनी लावलेली ती हिरवीगार बाग मला एकदम वाळलेली दिसू लागली. मामाजींनी लगेच छिद्रात सायकलची तार घालून फिरवली, पेट्रोलचा बोळा कोंबला आणि वरून चिखल लिंपला.

दुसऱ्या दिवशी ते खोडाला कान लावून बराच वेळ बसले. उठले ते हसतच. इतक्या वर्षांत त्यांना असं मोकळं हसताना मी पाहिलं नव्हतं. "काहीच आवाज नाई. वाचलं झाड!"

मी कान लावला. आत कुरकुर स्पष्ट चालू होती. मामाजींना आता ती ऐकूच येत नव्हती.

वाटलं, राहू द्यावं. सणाचे दोन दिवस तरी म्हातारा सुखाने जेवेल. पण भीतीने राहवेना. त्यांच्या कानाशी तोंड नेऊन मी मोठ्याने सांगितलं.

हसू मावळलं. "बरं केलं, आजच सांगतलं," एवढंच म्हणाले, आणि खाली बसून बोटांनी दुसरं छिद्र चाचपू लागले.