सुतारणीचं लांबलेलं बाळंतपण

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. मला पदवी मिळाली तिचं श्रेय आई-वडिलांचं आहे, शाळेतल्या गुरुजींचं आहे, आणि संगमनेरच्या आमच्या वसतिगृहातल्या एका फळ्याचंही आहे. आई-वडिलांचे आणि गुरुजींचे आभार मी वेळोवेळी मानले. फळ्याचे राहून गेले.

हा फळा खानावळीच्या दारासमोर, व्हरांड्यात भिंतीला टेकवून ठेवलेला असे. खरं तर तो सूचनांसाठी होता. पाणी कधी येणार, ताट कुणी धुवून ठेवलं नाही, असल्या. पण मी तिथं जाण्याआधीच वरच्या वर्गातल्या दोघांनी त्याचा खालचा बराचसा भाग ताब्यात घेऊन तिथं एक गाव वसवलं होतं. गावाला नाव नव्हतं. पार होता, ओढा होता, एक पडकं देऊळ होतं, आणि हे सगळं फक्त शब्दांत. चित्र काढायला सक्त मनाई होती.

ज्याला त्या गावात राहायचं असेल त्यानं तिथला एक माणूस व्हायचं. कुणी पाटील, कुणी न्हावी, कुणी मास्तर. एकजण चोरही होता. आपल्या माणसाला जे करायचं किंवा बोलायचं असेल ते चिठ्ठीवर लिहून वनस्पती तुपाच्या रिकाम्या डब्यात टाकायचं. संध्याकाळी जेवणाच्या घंटेआधी ते दोघे डबा उघडत, चिठ्ठ्या एकमेकींशी जुळवत आणि सगळं एकाच अक्षरात फळ्यावर उतरवत. त्यामुळं कोण कोण झालंय हे त्या दोघांखेरीज कुणालाच कळत नसे, आणि विचारायचंही नसे. फळ्यावर आलं ते घडलं. सकाळी फळा पुसला जाई. फळ्यावरचा एक आठवडा म्हणजे गावातला एक महिना.

त्या दोघांना आम्ही कारभारी म्हणायचो. वसतिगृहात मुलांना गावाच्या नावानं हाक मारायची पद्धत होती, म्हणून मी ‘शेवगाव’ झालो होतो. कारभाऱ्यांतला एक राहुरी. त्याचं अक्षर छापल्यासारखं आणि इंग्रजी चांगलं. दुसरा नेवासा. त्याचे वडील पिंजारी, गावोगाव फिरून गाद्या भरणारे. लहानपणी त्यांच्याबरोबर फिरल्यामुळं कुठल्या घरात काय बोलणं चालतं हे नेवाशाला पक्कं ठाऊक होतं. पाऊस, आजारपण, चोरी पकडली जाणं, बैल दगावणं, अशा गोष्टींचा निवाडा तो चल्लस खेळायच्या कवड्या टाकून करायचा. बऱ्याच उताण्या पडल्या तर होय, पालथ्या पडल्या तर नाही. त्या वर्षी आमच्या सगळ्यांच्याच गावांकडं दुष्काळ होता. फळ्यावरच्या गावात तरी पाऊस पाड, म्हणून मुलं त्याच्या मागं लागली. त्यानं कवड्या टाकल्या, त्या पालथ्या पडल्या.

“आरं, खडूनं लिव्हायचाय पाऊस,” कुणीतरी म्हणालं. “तुज्या बापाचं काय जातंय?”

“आज खडूनं पाडला तर उद्या खडूनं पीक मागशीला,” नेवासा म्हणाला, आणि त्यानं कवड्या खिशात टाकल्या.

एकदा गावच्या पाटलानं एका घराच्या जातीवरून वाईट बोलणारी चिठ्ठी टाकली. ती फळ्यावर आली नाही. त्याऐवजी ओळ आली : पाटलांची वाचा बसली. पुढं कितीतरी दिवस पाटील नुसते मान हलवत. त्यांच्या चिठ्ठ्या येत असणार, पण फळ्यावर एवढंच दिसे की पाटील आले, बसले, काहीतरी खुणावलं आणि गेले. वाचा परत आली तेव्हा ते फार सभ्य झाले होते.

मी झालो होतो सुईण. त्याचं कारण साधं होतं. मला लिहिता येईल असं बोलणं मला एकच ठाऊक होतं, आमच्या आळीतल्या बायकांचं. म्हातारी तिखट होती. न्हाव्यानं तिला विचारलं, “मावशे, किती पोरं हातावर घेतली?” तर ती म्हणाली, “तुला बी म्याच घेतलाय. तवाच हातातून पडायला पायजे हुतास.” त्या संध्याकाळी जेवणाच्या रांगेत मुलं ते वाक्य एकमेकांना म्हणून दाखवत होती. मी ताट घेऊन त्यांच्यात उभा होतो. माझ्या बोलण्यावर कुणी आनंदानं हसलेलं कॉलेजात आल्यापासून मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

कारण वर्गात वेगळं हसत. इंग्रजीच्या तासाला उभं राहून वाचायला सांगितलं की माझी जीभ जड व्हायची. सरांना “व्हय सर” म्हणालो तेव्हा पुढच्या बाकावरची मुलं तोंडावर हात धरून हसली. सहामाहीला इंग्रजीत नापास झालो. दिवाळीला घरी गेलो तर आई-वडील रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडत होते. परत आलो ते मनाशी ठरवूनच. आपणही त्या कामावर जायचं. घरच्यांना हातभार लागेल, असं मी स्वतःला सांगत होतो. खरं कारण इंग्रजीचा तास होता.

कुणाला काही न सांगता निघावं असा बेत होता. पण म्हातारीला तसंच टाकून जाणं जिवावर आलं. मी चिठ्ठी टाकली : “म्या लेकीकडं चालले. परत येनार न्हाई. समद्यांनी सांभाळून ऱ्हावा.”

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ट्रंक भरत होतो, तर नेवासा खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. ट्रंकेकडं त्यानं पाहिलं न पाहिल्यासारखं केलं आणि खाटेच्या कडेला बसला.

“शेवगाव, फळा वाचतोस ना?”

“वाचतो.”

“ती सुईन गाव सोडून चालली म्हनं.”

“व्हय, वाचलं.”

“का चालली आसंल?”

“म्हातारी हाय. लेकीकडं जात आसंल.”

“लेकीचं तर आजपतूर कदी नाव न्हाई काढलं तिनं.”

“आसंल येखादी.”

“मला वाटतं तिला कुनीतरी हासलं.”

मी ट्रंकेची कडी उघडली, लावली.

“हे बघ, आपला नियम हाय,” तो म्हणाला. “हातातलं काम टाकून कुनाला गाव सोडता येत न्हाई. सुतारनीचे दिवस भरत आल्यात. तिला मोकळी करावी आन् मग म्हातारीनं खुशाल जावं. कारभारी आडवनार न्हाईत.”

“किती दिवस लागतील?”

“कळा लागायच्या तवा लागतील. ते का माझ्या हातात हाय?”

असा नियम आधी कधी ऐकल्याचं मला आठवत नव्हतं. तरी मी मान डोलावली. आठवडा-दोन आठवड्यांचा तर प्रश्न होता.

दोन आठवडे झाले. सुतारीण ओढ्यावर धुणं धुवायला गेली. जानेवारी संपत आला. सुतारणीला चिंचा खाव्याशा वाटल्या. फेब्रुवारीत तिनं शेजारणीशी भांडण काढलं. कळांचा पत्ता नव्हता. जेवणाच्या रांगेत कुरकुर सुरू झाली.

“म्हशीला धा महिने लागत्यात. हिच्या पोटात काय हत्ती हाय?”

“सुताराचं पोर हाय. पाळना करून संगंच आननार आसंल.”

“कारभारी, कवड्या टाका की.”

“कवड्या हरवल्यात,” नेवासा म्हणाला आणि आमटी वाढून घेतली.

पारनेरचा एक पैलवान गडी आमच्या रांगेत असे. तो जाड आवाजात म्हणाला, “तुमाला काय कळतंय तिचं दुक? गप जेवा.” सुतारीण म्हणजे तोच होता, हे मला पुढं फार उशिरा कळलं.

आणि त्याच सुमारास गावात एक नर्सबाई आली. मिशनच्या दवाखान्यातली, मराठीचा गंध नसलेली. फळ्यावर तिची पहिली ओळ आली ती इंग्रजीत : हाऊ इज द पेशंट टुडे? मी चिठ्ठी टाकली, “न्हावीदादा, काय म्हनती ही?” न्हाव्यानं उत्तर दिलं, “म्या केस कापतो, इंग्रजी न्हाई.” मास्तरही नेमके आजारी पडले. तीन दिवस नर्सबाई तोच प्रश्न विचारत सुतारणीच्या दाराशी उभी. शेवटी मी डिक्शनरी उघडली आणि लिहिलं : वुमन गुड. बेबी स्लीपिंग.

नर्सबाई हसली नाही. तिनं उत्तर दिलं, “यस, द वुमन इज गुड. द बेबी इज स्लीपिंग.” चूक दाखवली नाही, नुसतं नीट करून परत दिलं. पण त्या रात्री खानावळीत दुसरं काही ऐकूच येत नव्हतं. “बेबी स्लीपिंग” म्हणत मुलं एकमेकांना भाकरी देत होती. तरी ते हसणं म्हातारीच्या बाजूचं होतं. नर्सबाईला कशी पुरून उरली बघ, असं त्यात होतं.

मग रोजचंच झालं. नर्सबाई विचारी, म्हातारी उत्तर देई. गरम पाणी का लागतं, नाळ कशानं कापता, बाळंतिणीला काय खायला देता. माझ्या ओळी लांबत गेल्या. ओव्याला इंग्रजीत काय म्हणतात ते मी राहुरीला जाऊन विचारलं. त्यानं कशासाठी हवंय ते विचारलं नाही. लगेच सांगितलं, आणि वर व्याकरणाचं एक पुस्तकही दिलं. सकाळी तो मैदानाच्या कडेला वाचत बसायचा, तिथं मीही जाऊन बसू लागलो. वर्गात एकदा सरांनी मला उभं केलं. मी म्हातारीचा आवाज मनात आणला आणि वाचलं. अडखळलो, पण खाली बसलो नाही. हसलंही कुणी नसावं. मी त्यांच्याकडं बघायचंच विसरलो होतो.

इंग्रजीचा पेपर झाला त्या संध्याकाळी फळ्यावर एकच ओळ होती : सुतारणीला कळा लागल्या.

सगळं वसतिगृह व्हरांड्यात जमलं. परीक्षेचे दिवस, तरी कुणी अभ्यासाला गेलं नाही. त्या दिवशी पहिल्यांदाच चिठ्ठ्या टाकल्या की लगेच फळ्यावर येत होत्या. मीही गर्दीतून डब्यापर्यंत जाऊन येत होतो. पाणी ठेवा. बाप्यांनी भायेर थांबा. सुतारा, रडू नको, तुला काय झालंय?

“आन् कवड्या?” मागून कुणीतरी विचारलं. जगणं-मरणं आजवर कवड्यांशिवाय ठरलं नव्हतं.

नेवासा मागं वळलाही नाही. “येवढी वाट बघाय लावली तिला,” तो म्हणाला, “आता आनिक काय टाकायचं?” राहुरीनं लिहिलं : मुलगी झाली. दोघी सुखरूप. पारनेरचा पैलवान खांबाला टेकून डोळे पुसत होता. त्याला धूर सहन होत नाही, असं तो म्हणाला. चूल तर कधीच विझली होती.

गर्दी पांगली. राहुरी खडू झटकत होता. फळ्याच्या तळाशी त्यानं आणखी एक ओळ लिहिली : सुईणबाई, तुमचं काम झालं. जायचं तर जा. कारभारी अडवणार नाहीत.

नेवासा डबा काखेत धरून पायरीवर बसला होता. माझ्याकडं त्यानं पाहिलं नाही. पाच-सहा दिवसांत वसतिगृह सुट्टीसाठी बंद होणार होतं. ज्याला पुढच्या वर्षी यायचं त्यानं तसं सांगून खोली राखायची असे, आणि मी अजून कुणालाच काही सांगितलं नव्हतं.

मी खोलीत जाऊन चिठ्ठी लिहिली, बाहेर आलो आणि त्याच्या काखेतल्या डब्यात टाकली. नियम मोडून त्यानं ती तिथंच उघडली.

“बारसं झाल्याबिगर कशी जाऊ? जूनमदी करा. तवर पोरीचं नाव कुनी ठिवू नका.”