चिप्सवरचं व्हिनेगर

गरम चिप्सवर, म्हणजे फ्रेंच फ्राइजवर, ओतलेल्या व्हिनेगरचा वास आला की माझं डोकं अजून सणकतं. २०२१च्या उन्हाळ्यात, आत बसून खायला बंदी असल्यानं, आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात हॉटेलांनी भर रस्त्यात टेबलं मांडली होती आणि औषध कारखान्यातले आम्ही चौघं शनिवारचं ऊन खात मराठीत खिदळत होतो. लॉकडाऊनभर आम्ही कामाची एकही पाळी चुकवली नव्हती. शेजारच्या टेबलावरचा गृहस्थ मोठ्यानं म्हणाला, "आला बघा इंडियन व्हेरियंट!" मी ताडकन उठलो, तर आमच्यातला सीनियर पुटपुटला, "जाऊ दे रे, उगाच तमाशा नको." वर त्या माणसालाच 'सॉरी' म्हणून त्यानं मास्क चढवला. मग आम्हीही चढवले. आमचे चिप्स गार होत गेले आणि तो गृहस्थ उघड्या तोंडानं मजेत जेवत राहिला. त्याचा चेहरा आता आठवतही नाही. संताप येतो तो मास्कमागे गप्प बसलेल्या माझा.