बोट लागली

मंडळी, आज रत्नागिरी बंदर पाह्यलं, पण एकट्यानंच.

बायकोच्या छातीच्या दुखण्यावर औषधं थकली, तवा डाक्तरानं समुद्राची हवा सांगतली. म्हणून मुंबईहून आगबोटीनं फिरायले निघालो.

सकाळी खलाशी ओरडला, "बोट लागली." मी तिले हलवलं, "ऊठ वं, बोट लागली."

"मले तं मुंबईपासूनच लागली जी," ती डोळे मिटूनच बोलली. इकडं उलट्या होण्यालेही बोट लागणंच म्हणतात, हे तिले शेजारच्या कोकणी बाईनं शिकवलं.

मी पडावातून, म्हंजे लहान होडीतून, किनाऱ्यावर गेलो, तिच्यासाठी शहाळं आणलं. दोन घोटही पोटात ठरले नाही.

"आपलं आसेगाव कधी लागन?" तिनं विचारलं.

"लागनच आता," मी म्हनलं. बोट पणजीकडं, आसेगावापासून आणखी लांब चालली होती.

तुमी काय सांगतलं असतं?