घराकडे वळलेली फौज

साप्ताहिकाच्या छापखान्यात चित्रांचे लाकडी ठसे कोरणारे मामा म्हणजे भारी तोऱ्याचा माणूस. चित्र सुलट छापायचं तर ठसा उलटा कोरावा लागतो. तीस वर्षांत त्यात एकदाही चूक नाही, हे ते अनोळखी माणसालाही थांबवून ऐकवत. त्यांची भाची तिथेच व्यंगचित्रं काढायची, म्हणून सगळा छापखाना त्यांना मामा म्हणे.

सरकार तिसऱ्या शेजाऱ्याचा देश गिळायला निघालं, तेव्हा भाचीच्या एकेका चित्रावर फुली पडू लागली. वर हुकूम आला, फौजेचं कौतुक करणारं चित्र हवं! बिचारीने दातओठ खात काढलं. डावीकडे राजवाडा, उजवीकडे शेजारचा देश आणि मध्ये ताठ मानेने सीमेकडे निघालेले शिपाई. सरकारी साहेबांनी त्यावर शिक्का मारला. राजवाड्याचा आणि सीमेचा जुना ठसा तयारच होता. मामांनी मधले शिपाई तेवढे नवे कोरले, आणि भाचीची समजूत घालण्याच्या नादात सुलटेच कोरले!

अंक बाहेर पडला. फौज शेजाऱ्याकडे पाठ करून खुशाल घरी निघालेली, आणि वर मथळा, 'विजयी आगेकूच'! लोक पोट धरधरून हसले. दुपारपर्यंत एकही अंक उरला नाही.

साहेब लालबुंद होऊन आले. "मुद्दाम केलं असेल तर छापखान्याला टाळं, आणि ही पोरगी तुरुंगात. चूक असेल तर तसं लिहून सही करा."

"चूक? माझी?" मामांचा हात काही पुढे होईना.

"मामा, पाया पडते तुमच्या, करा ना!"

भाचीचे भरलेले डोळे दिसले आणि मामांनी सही ठोकली. पुढच्या अंकात चित्र दुरुस्त करून छापा, असं बजावून साहेब गेले.

दुसऱ्या दिवशी मामा तोंड पाडून कोरायला बसले, तोच पलीकडच्या इस्त्रीवाल्या बाई अंक घेऊन आल्या. त्यांचा एकुलता एक मुलगा फौजेत होता.

"हा तिसरा माझाच हो! चाल बघा ना, अगदी त्याचीच. घरी येतोय!" बाई हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. "तुमच्या तोंडात साखर पडो!"

त्या गेल्यावर मामा त्या तिसऱ्या शिपायाकडे बघत बसले. तीस वर्षांच्या बिनचूक कामाने असा आनंद कधी दिला नव्हता. मग त्यांनी लाकडाचा नवा तुकडा ओढला, शिपाई पुन्हा घराकडेच वळवले आणि भाचीला हाक मारली,

"अगं ए, कागद आण. या चुकीची सही आत्ताच करून ठेवतो!"