इंदूनं दोन्ही पत्रं परत पाठवली

इंदू गेली, हे तिच्या मुलानं, मिलिंदनं, फोनवर सांगितलं तेव्हा मी नगरच्या भाजीबाजारात मेथीची जुडी हातात धरून उभी होते. त्याच्याशी काय बोलले ते आता आठवत नाही. एवढं मात्र आठवतं, की रडू यायच्या आधी मला हसू आलं. भाजीवाली माझ्याकडे बघतच राहिली. पण मी तरी काय करणार? डोळ्यांपुढे आली ती गेल्या दिवाळीला भेटलेली, काठी टेकत दारापर्यंत आलेली इंदू नव्हती. ती होती खडीच्या ट्रकच्या चाकावर पाय देऊन, पदर खोचून, धाडकन खाली उडी मारणारी सव्वीस वर्षांची इंदू... त्या उडीपासून माझ्या आयुष्यातले सगळ्यांत धमाल दिवस सुरू झाले होते, आणि त्याआधीचे तीन आठवडे आम्ही एकमेकींशी बोलतही नव्हतो.

बहात्तर सालचा दुष्काळ. मी जामखेडला मुलींच्या शाळेत शिकवत होते. इंदू खर्ड्याच्या दवाखान्यात नर्स होती. तिच्या वडिलांनी छप्पन्नला दीक्षा घेतली होती आणि 'आपण कुणाच्या पाया पडायचं नाही' हे वाक्य तिनं घुटीबरोबर घेतलं होतं. आमची गाठ पडली ती नगरच्या हक्क मंडळामुळे. काही वकील, काही प्राध्यापक आणि आमच्यासारखी हौशी माणसं, असं ते मंडळ. कुणाला विनाकारण चौकीत बसवून ठेवलं, कुणाला पाणवठ्यावर अडवलं, की मंडळ अर्ज लिहायचं, मागे लागायचं. दुष्काळ पडला तेव्हा मंडळाचे पाठीराखे जिल्हाभर पसरलेले होते. कोपरगावकडून धान्य यायचं, पुणतांब्याकडून कडबा यायचा. जामखेड तालुक्याच्या वतीनं मंडळाला पत्रं लिहायचं काम माझ्याकडे होतं. अक्षर चांगलं म्हणून.

खर्ड्याजवळ पाझर तलावाचं काम निघालं होतं. शेकडो माणसं माती उपसत होती, खडी फोडत होती, दुपारी सुकडी खाऊन पुन्हा कामाला लागत होती. ज्यांची घरं लांब ती कुटुंबं तिथंच पालं ठोकून राहिली. पण एकट्या बायकांचं काय? विधवा, नवऱ्यानं टाकलेल्या, अशा दहा-बारा जणी उघड्यावर निजायच्या. त्यांतल्या रखमावर आधीच्या एका कामावर फार वाईट प्रसंग आला होता. ती बसल्या बसल्या झोपायची, हातात खडी फोडायचा हातोडा धरून. इंदूनं ते पाहिलं आणि मंडळाच्या मागे असा तगादा लावला, की महिन्याच्या आत निवारा उभा राहिला. चार बाजूंनी बांबूचे तट्टे, वर पत्रे, आणि एक खरंखुरं लाकडी दार, आतून कडी असलेलं. पत्रे दिले होते कोपरगावच्या एका काकींनी. मोठ्या बागायतदाराच्या घरातल्या, पण तरुणपणीच विधवा झालेल्या. 'मला यांच्या वयात कडी लावायला दार नव्हतं, या पोरींना असू दे,' असं त्या म्हणाल्या होत्या. पहिल्यांदा कडी लावली त्या संध्याकाळी रखमा दाराला टेकून नुसती हसत होती.

मग चंद्रा आली. करमाळ्याकडची. उंच, हाडापेरानं दणकट, अंगावर लुगडं, कपाळभर कुंकू, गळ्यात कवड्यांची माळ आणि हातात देवीची परडी. जन्मली मुलगा म्हणून. वयात येताना घरच्यांनी देवीला सोडली आणि तेव्हापासून ती जोगतीण. पण दुष्काळात जोगवा कोण घालणार? म्हणून ती खडी फोडायला आली. मुकादमानं तिला पुरुषांच्या पालात पाठवलं. तिथं चौथ्या दिवशी तिची परडी लाथाडली गेली आणि ती उचलायला वाकली तेव्हा तिचा डावा हात मोडला गेला. इंदूनं दवाखान्यात तिच्या हाताला फळ्या बांधल्या, आणि मी मंडळाला एक जळजळीत पत्र लिहिलं.

उत्तर आठवडाभरात आलं. 'मंडळ माणसामाणसांत भेद मानीत नाही. सबब सदर चंद्रा हिस/यास महिला निवाऱ्यात तात्काळ जागा देण्यात यावी.' मी अक्षरशः उड्या मारल्या! पुढची एस.टी. पकडून खर्ड्याला गेले. वाटलं, इंदू मिठीच मारील. तिनं पत्र वाचलं, घडी केली आणि विचारलं, "बायकांना विचारलं का?"

"अगं, यात विचारायचं काय? माणुसकीचा प्रश्न आहे हा."

"माणुसकी नगरला लिहिली, झोपायचं खर्ड्यात. रखमाला कडी दिलीत ना तुम्ही? मग ती कडी कुणासाठी काढायची हे तिला न विचारता कसं ठरवता?"

"म्हणजे चंद्रानं मार खात राहायचं?"

इंदू म्हणाली, "चंद्रा माझ्या क्वार्टरमध्ये आहे. आठ दिवस झाले. तुझ्या खोलीत किती जागा आहे गं?"

"माझी घरमालकीण चालू देणार नाही," मी म्हणाले... आणि स्वतःचंच वाक्य ऐकून कान तापले. तिथं मी माफी मागायला हवी होती. पण चोविसाव्या वर्षी माणूस माफी मागत नाही, चिडतो. तू मागासलेल्या विचारांची आहेस, असं काहीबाही बोलून मी तरातरा निघून आले. तिनं पत्राच्या पाठीवर 'बायकांना विचारून पुन्हा लिहा' एवढं लिहिलं आणि ते नगरला परत पाठवलं.

आणि मग जो काही धुरळा उडाला! आमच्यासारख्या मंडळात एवढी जान असेल असं कुणाला वाटलं नव्हतं. कोपरगावच्या काकींना कुणीतरी ही गोष्ट सांगितली. त्यांनी कळवलं, की बायांसाठी म्हणून दिलेल्या पत्र्यांखाली बायाच राहतील, नाहीतर पत्रे परत करा. त्यांच्यामागे आणखी पंधरा-वीस पाठीराखे. दुसऱ्या बाजूला नगरच्या कॉलेजातली पोरं. ती काकींना बुरसटलेल्या म्हणू लागली. कुणी राजीनामा धाडला, कुणी राजीनामा मागितला. आमचे अध्यक्ष, वकीलसाहेब, भला माणूस. पण घाबरले. त्यांनी दुसरं पत्र काढलं. 'निवारा केवळ स्त्रियांसाठी असून सदर व्यक्तीस मंडळाच्या कोणत्याही आश्रयात जागा देऊ नये.' काकींच्या बाजूचे लोक म्हणाले, बघा, नर्सबाईंचंच खरं झालं. पण इंदूनं तेही पत्र परत पाठवलं! पाठीवर एक ओळ, 'हेही विचारून लिहिलेलं नाही.'

आता मात्र दोन्हीकडचे लोक तिच्यावर चिडले. ही बाई आहे तरी कुणाच्या बाजूची? शेवटी वकीलसाहेबांनी एका रविवारी दुपारी नगरच्या एका शाळेच्या सभागृहात सगळ्या पाठीराख्यांची सभा बोलावली.

मी तासभर आधी जाऊन पायरीवर उभी राहिले होते. माणसं येत होती, कोपरगावहून, पुणतांब्याहून, राहुरीहून. इंदूचा पत्ता नाही. आत सभा सुरू झाली आणि बाहेर खडीचा ट्रक करकचून थांबला. मागच्या हौद्यात धुळीनं पांढऱ्या झालेल्या अकरा बायका, आणि त्यांच्यात हात गळ्यात बांधलेली चंद्रा. इंदूनं उडी मारली, माझ्यासमोर आली, तीन आठवड्यांनी. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. तिनं आपली पिशवी माझ्या हातात कोंबली. "हे धर. आणि त्या म्हातारीला उतरायला हात दे, नुसती बघत काय उभी राहतेस?" झालं. आमचं भांडण तिथं मिटलं.

सभागृहात त्या शिरल्या तेव्हा सगळ्या माना मागे वळल्या. इतके दिवस ज्यांच्याबद्दल पत्रं लिहिली जात होती, त्यांना आमच्यापैकी कितीजणांनी पाहिलं होतं? वकीलसाहेब म्हणाले, "सिस्टर, तुमचं म्हणणं मांडा." इंदू म्हणाली, "माझं काही म्हणणं नाही. रखमा, बोल."

रखमानं माइककडे संशयानं पाहिलं आणि तो बाजूला सारून तिथूनच खड्या आवाजात बोलू लागली. "मला भ्या वाटतं. गडी मानसाचा आवाज जवळ आला की माजा हात हातोड्याकडं जातो. हिचा आवाज गड्याचा हाय. हिचा गुना न्हाई, पन माजं भ्याबी खोटं न्हाई. तुमी कागूद धाडला म्हून ते जानार न्हाई."

काकींनी मान हलवली. मग रखमानं त्यांच्याकडे वळून तितक्याच जोरात सांगितलं, "आन हिचा हात मोडला त्येबी खोटं न्हाई, काकी. आमाला निवारा हाय आन ही रस्त्यावर, ह्येबी आमच्या नावावर करू नगा. आमी तसं म्हनलोच न्हाई."

आता पोरांनी मान हलवायची पाळी आली. तेवढ्यात मागून एकानं उठून चंद्राला, ती नक्की काय आहे, असा एक फार हलका प्रश्न विचारला. आणि रखमा, तीच रखमा, गर्रकन वळली. "ये शान्या! तुला कुनी इचारलं का, तू काय हायेस? गप खाली बस!" सभागृह असं हसलं, की तो माणूस खरंच खाली बसला.

मग चंद्रा हळूच म्हणाली, "मला बाई म्हना, देवीची म्हना, काय बी म्हना. म्या लई दिस नीट निजले न्हाई. ह्या बायांस्नी भ्या घालून मला निजायचं न्हाई. पन माज्याबिगर माजं ठरवू नगा, येवढंच."

मी टिपणं घेत होते, पण कागदावर अक्षर दिसेना. त्यानंतर जवळजवळ दोन तास वाद झाला. काय वाद झाला तो! माणसं बाकांवर उभी राहिली, पुणतांब्याचे एक शांत शेतकरी टेबलावर मूठ आपटून बोलले, वकीलसाहेबांचा चष्मा दोनदा पडला. अखेर ठराव झाला तो एका ओळीचा. निवाऱ्यात राहणारे आणि राहू इच्छिणारे यांनी एकत्र बसून ठरवल्याशिवाय मंडळ निवाऱ्याचा कोणताही नियम करणार नाही. थोड्याच मतांच्या फरकानं झाला, पण झाला. दोन्ही टोकांचे काही लोक उठून गेले. काकीही गेल्या. जाताना मात्र त्यांनी रखमाच्या डोक्यावरून हात फिरवला. चंद्राकडे त्यांनी पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत रजा टाकून खर्ड्याला होते. बायका आणि चंद्रा गोल करून बसल्या. इंदू मुद्दाम लांब, बाभळीखाली बसली आणि मला म्हणाली, "तूही लांबच बस. अक्षर चांगलं आहे म्हणून आत घुसू नको." बऱ्याच वेळानं रखमा येऊन सांगून गेली. निवाऱ्याला लागून चंद्राची खोली. मधे तट्टा. दार वेगळं, आतून कडी. चूल मात्र एक.

चंद्राचा चेहरा उतरला होता. "म्हंजे म्या भाईरच की," ती म्हणाली. रखमानं तिला खोटा दिलासा दिला नाही. "आज भाईर. उद्याचं उद्या बघू. पन जेवायला संगं." बाकीच्या बायकांपैकी दोघीजणींना तेवढंही पटलं नाही, त्या दुसऱ्या कामावर निघून गेल्या. इंदूनं त्यांना अडवलं नाही, एस.टी.त बसवून दिलं. तिसऱ्या दिवशी काकींचा टेम्पो आला आणि खरोखर पत्रे घेऊन गेला! आम्ही सगळ्या उघड्या तट्ट्यांमध्ये उभं राहून आभाळाकडे बघत होतो आणि इंदू पोट धरून हसत होती. चार दिवसांनी टेबलावर मूठ आपटणाऱ्या पुणतांबेकरांनी गाडीभर उसाचं पाचट पाठवलं. ते चंद्रानं एका हातानं आणि रखमानं दोन हातांनी छपरावर शाकारलं. महिन्याभरानं मी गेले तर मधल्या तट्ट्याला हातभर भोक! मी घाबरून विचारलं, हे कुणी पाडलं? रखमा म्हणाली, "म्याच की. मिसरी द्यायला येवढा येढा कोन घालनार?"

तलावाचं काम संपलं आणि सगळ्या पांगल्या. चंद्रा करमाळ्याला गेली, पण वर्षातून एकदा इंदूकडे यायची. देवाला न मानणारी इंदू आणि परडी घेतलेली चंद्रा दिवसभर वाद घालायच्या, मग मिळून हुलग्याचे शेंगोळे करायच्या. मंडळ पुढे दोन-तीन वर्षांत विस्कटलं. इंदूची बदली राहुरीला झाली, संसार झाला, निवृत्ती झाली. आमची मैत्री राहिली. 'तुझी घरमालकीण काय म्हणते?' असं ती मला पन्नास वर्षं विचारत होती. ती घरमालकीण कधीच वारली, हे तिला पक्कं माहीत होतं.

इंदूला जाऊन पाच आठवडे झाले, तरी तिची शोकसभा अजून व्हायची आहे. याचं कारण परवा मिलिंदनंच सांगितलं. त्यानं सभागृह ठरवलं होतं, वेळ ठरवली होती. मग त्याला वाटलं, आई म्हणाली असती, येणाऱ्यांना विचारलंस का रे? तेव्हापासून तो एकेकाला फोन करतोय. राहुरीच्या नर्सेसना, गल्लीतल्या शेजाऱ्यांना, करमाळ्याला चंद्राच्या माघारी राहिलेल्या शिष्यांना. कुणाला सकाळ जमत नाही, कुणाला रविवार.

"तुम्हाला कोणती वेळ सोयीची, मावशी?" त्यानं विचारलं.

"माझं काय, मी केव्हाही येईन," मी म्हणाले. "तू आधी बाकीच्यांना विचार."

पलीकडून तो हसला. "सगळे हेच म्हणतायत, मावशी."