मेलेला राजा पळाला

मांडणीवरची भांडी किणकिणली की मला कोयनानगरचा रंगमंच आठवतो. आमच्या कॉलेजची शोकांतिका चालू होती; मी मेलेला राजा, डोकं राणीच्या मांडीवर. तिचा विलाप रंगात आला आणि पाठीखालच्या फळ्या थरथरल्या, वरचे पत्रे कडकडले. आता छप्पर कोसळणार, असं मला वाटलं. प्रेक्षक जागचे हलले नाहीत, त्यांना भूकंपाच्या धक्क्यांची सवय. मी पडलो सांगलीचा! राणीला तिथंच टाकून प्रेत विंगेतून पळालं. मागून कुणीतरी ओरडलं, “आवं राजं, तुमी मेलाय न्हवं?” दुसऱ्या दिवशी सरांनी वर्गात विचारलं, “शोकनायकाचा घात करणारा त्याचा दोष कोणता?” राणीनं माझ्याकडं बोट दाखवलं. पुढं तिच्याशीच लग्न झालं. अजूनही भांडी वाजली, की मी पळायच्या आत ती माझा शर्ट धरते.